‘एक गोळी द्या ना!’ – फुकट दिली तरी गुन्हा का?

आपल्याकडे शेजारधर्म अजून टिकून आहे. वाटीभर साखर, विरजणाला दही, कढीपत्त्याची डहाळी मागायला कोणी संकोच करीत नाही. अलीकडे या यादीत औषधाची गोळीही येऊन बसली आहे. “वहिनी, तुमची ती झोपेची गोळी असेल तर एखादी द्या ना, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही,” असे म्हणत शेजारीण येते. आपण डब्यातून पट्टी काढतो आणि कात्रीने दोन गोळ्या कापून तिच्या हातावर ठेवतो. पैसे घेण्याचा प्रश्नच येत नाही.

या विषयावर दोन पत्रे आली आहेत. एक वाचक भगिनी लिहितात, “माझ्या झोपेच्या गोळ्यांतल्या चार गोळ्या मी जाऊबाईंना दिल्या. पुण्याला शिकणारा माझा मुलगा म्हणाला, आई, हा अंमली पदार्थांच्या कायद्यातला गुन्हा आहे. मी काही त्या विकल्या नाहीत. मुलगा मला उगाच घाबरवतो आहे का?” दुसरे पत्र एका निवृत्त शिक्षकांचे आहे. त्यांचा नातू वसतिगृहात राहतो. ते विचारतात, “चार मित्रांनी मिळून आणलेला गांजा एकाच्या खोलीत सापडला, तर बाकीच्या तिघांचे काय होते?”

दोन्ही पत्रे वरवर वेगळी दिसली, तरी प्रश्न एकच आहे. विक्री केली नाही, नफा घेतला नाही, नुसते वाटून घेतले, तर तो गुन्हा होतो का? मी वकील नाही, डॉक्टर आहे. पण यातली बरीचशी औषधे आम्ही रोज लिहून देतो, त्यामुळे हा कायदा आम्हाला माहीत असावाच लागतो. ज्यांच्यावर प्रत्यक्ष खटला चालू आहे त्यांनी वकिलाचाच सल्ला घ्यावा. बाकीच्यांसाठी ही माहिती.

कोणती औषधे या कायद्यात येतात?

आपण ज्याला अंमली पदार्थांचा कायदा म्हणतो त्याचे पूर्ण नाव ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ असे आहे. बोलताना त्याला एन.डी.पी.एस. कायदा म्हणतात. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून देशभर लागू झाला. गांजा, चरस, अफू, गर्द, कोकेन हे त्यात येतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्या औषधाच्या डब्यातली काही औषधेही त्यातच येतात, हे फार थोड्यांना माहीत असते.

झोपेसाठी किंवा मनाच्या घालमेलीसाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम आणि झोल्पिडेम ही औषधे या कायद्याच्या यादीत आहेत. फिट्सवर दिले जाणारे फिनोबार्बिटोन त्यात आहे. तीव्र वेदनेवरचे ट्रॅमाडॉल २०१८ साली या यादीत आले. कॅन्सरच्या पेशंटला दिले जाणारे मॉर्फिन पहिल्यापासूनच आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधे वैद्यकीय वापरापुरती काही अटींवर मोकळी ठेवली आहेत. पण नशेसाठी जमवलेल्या बाटल्या सापडल्या की पोलीस याच कायद्याखाली खटले भरतात.

ही औषधे ओळखावी कशी? पट्टीवर औषधाच्या नावाजवळ डाव्या कोपऱ्यात इंग्रजी ‘आर-एक्स’ ही खूण असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते. त्या खुणेच्या आधी ‘एन’ हे अक्षर असून सगळी खूण लाल रंगात छापलेली असेल, तर ते औषध अंमली पदार्थांच्या कायद्यात येते असे समजावे. आज घरी गेल्यावर औषधाचा डबा उघडा आणि पट्ट्या उलटसुलट करून पाहा. बऱ्याच घरांत अशी एखादी पट्टी निघेल.

कायद्यात ‘फुकट’ हा शब्द नाही

या कायद्याचे आठवे कलम सगळ्याचा पाया आहे. असे पदार्थ पिकवणे, तयार करणे, जवळ बाळगणे, विकणे, विकत घेणे, वाहून नेणे, साठवणे, वापरणे आणि सेवन करणे या सर्वांना त्या कलमाने बंदी घातली आहे. अपवाद एकच, तो म्हणजे वैद्यकीय किंवा शास्त्रीय कारणासाठी, आणि तोही नियमात सांगितलेल्या पद्धतीने.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. ‘विकणे’ हे त्यातले केवळ एक क्रियापद आहे. ‘जवळ बाळगणे’ आणि ‘वाहून नेणे’ यांना विक्रीइतकेच वजन आहे. म्हणून “मी पैसे घेतले नाहीत” हा बचाव पुरत नाही. ज्याने पुडी दिली त्याच्याजवळ ती आधी होती, ज्याने घेतली त्याच्याजवळ ती नंतर आली, आणि ज्याने पोचवली त्याने ती वाहून नेली. वाटून घेण्यासाठी आपल्या कायद्यात वेगळे नाव नाही आणि वेगळी सवलतही नाही.

दुसऱ्या देशांत याची मांडणी वेगळी आहे. इंग्लंडच्या १९७१ च्या कायद्यात ‘पुरवठा’ या शब्दात ‘वाटणे’ही येते. त्यामुळे तिथे मित्राला फुकट दिलेली पुडी म्हणजे पुरवठा होतो, आणि पुरवठ्याची शिक्षा नुसत्या बाळगण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. आपल्याकडे विकणारा, देणारा आणि बाळगणारा यांना एकाच कलमात बसवले आहे. शिक्षा किती, हे मुख्यतः मालाच्या वजनावर ठरते.

आता त्या भगिनींच्या गोळ्यांकडे वळू. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध स्वतःजवळ ठेवणे हा अर्थातच गुन्हा नाही. याच कायद्याच्या नियमांनुसार मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधाच्या एका वेळी १०० मात्रा स्वतःच्या उपचारासाठी जवळ ठेवता येतात. डॉक्टरांनी दीर्घकाळासाठी तसे स्पष्ट लिहून दिले असेल तर ३०० पर्यंत ठेवता येतात. पण ही मोकळीक ‘स्वतःच्या उपचारासाठी’ आहे. चिठ्ठीवर ज्याचे नाव, त्याच्यापुरतीच ती आहे. गोळी जाऊबाईंच्या हातात गेली की चिठ्ठीचे संरक्षण तिच्यामागे जात नाही. चिठ्ठीशिवाय अशी गोळी घेणाराही नियम मोडतो. शिवाय औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० हा परवान्याशिवाय औषध विकण्याबरोबर ते ‘वितरित’ करण्यासही मनाई करतो.

म्हणजे मुलाचे म्हणणे चुकीचे नाही. एका घरात एका गोळीसाठी पोलीस येत नाहीत, हे मीही जाणतो. प्रश्न उभा राहतो तो काही विपरीत घडल्यावर. ती गोळी घेऊन कोणी बेशुद्ध पडले, स्कूटरवरून पडले किंवा दगावले, तर पहिला प्रश्न येतो, “गोळी कुठून आली?” मग आपला शेजारधर्म पंचनाम्यात लिहिला जातो. निष्काळजी कृत्यामुळे कोणाचा मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि कोणाच्या चहात किंवा थंड पेयात त्याला न सांगता, त्याला इजा करण्याच्या किंवा गुन्हा करण्याच्या हेतूने गुंगीचे औषध घातले, तर कलम १२३ प्रमाणे दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. थट्टा म्हणूनही असले प्रकार करू नयेत.

तराजू काय सांगतो?

१९८५ साली कायदा झाला तेव्हा तो फार कठोर होता. थोडा माल आणि पोतेभर माल यांत पुरेसा फरक केला जात नव्हता. २००१ च्या दुरुस्तीने पदार्थाच्या वजनाप्रमाणे तीन पायऱ्या केल्या. अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण आणि या दोहोंच्या मधले प्रमाण, अशा त्या पायऱ्या आहेत. काही ठळक आकडे असे:

गांजा – अल्प प्रमाण १ किलोपेक्षा कमी. व्यापारी प्रमाण २० किलोपेक्षा जास्त.
चरस – अल्प १०० ग्रॅमपेक्षा कमी. व्यापारी १ किलोपेक्षा जास्त.
अफू – अल्प २५ ग्रॅमपेक्षा कमी. व्यापारी अडीच किलोपेक्षा जास्त.
हेरॉईन (गर्द) – अल्प ५ ग्रॅमपेक्षा कमी. व्यापारी २५० ग्रॅमपेक्षा जास्त.
कोकेन – अल्प २ ग्रॅमपेक्षा कमी. व्यापारी १०० ग्रॅमपेक्षा जास्त.
एम.डी.एम.ए. – अल्प अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी. व्यापारी १० ग्रॅमपेक्षा जास्त.
अल्प्राझोलाम – अल्प ५ ग्रॅमपेक्षा कमी. व्यापारी १०० ग्रॅमपेक्षा जास्त.
ट्रॅमाडॉल – अल्प ५ ग्रॅमपेक्षा कमी. व्यापारी २५० ग्रॅमपेक्षा जास्त.

अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मधल्या प्रमाणासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी, आणि दंड एक ते दोन लाख. व्यापारी प्रमाणात जामीन मिळणेही अतिशय अवघड असते. आरोपी दोषी नसावा असे मानण्यास सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते.

सेवन करताना सापडलेल्यासाठी २७ वे कलम वेगळे आहे. कोकेन, मॉर्फिन, हेरॉईन यांसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

“अल्प प्रमाण म्हणजे किरकोळ गुन्हा, सही करून घरी जाता येते,” असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात स्पष्ट केले, की या कायद्याखालचे सर्व गुन्हे अजामीनपात्र आहेत. म्हणजे पुडी लहान असली तरी जामिनासाठी न्यायालयापुढे उभे राहावेच लागते.

वजनाची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की भेसळ असलेल्या मालात शुद्ध अंमली द्रव्य किती ते न पाहता सगळ्या मिश्रणाचे वजन धरावे. गर्दमध्ये नऊ भाग भेसळ आणि एक भाग हेरॉईन असले, तरी दहाही भाग मोजले जातात. पार्टीत वाटल्या जाणाऱ्या एम.डी.एम.ए.च्या एका गोळीचे वजन पाव ग्रॅम धरले, तर तीन गोळ्यांतच अल्प प्रमाणाची मर्यादा ओलांडली जाते. एक वर्षाची कमाल शिक्षा तिथे दहा वर्षांवर जाते. “स्वतःला एक आणि दोघा मित्रांना एकेक” असा साधा हिशेब करणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसते.

चौघांची बैठक

आता शिक्षक महाशयांच्या प्रश्नाकडे येऊ. चार मित्रांनी वर्गणी काढली, एक जण जाऊन माल घेऊन आला, दुसऱ्याच्या खोलीवर बैठक बसली. यात कोण कुठल्या कलमात येतो?

जो आणायला गेला, त्याने विकत घेतले, वाहून नेले आणि जवळ बाळगले. त्याच्याजवळ सापडलेले सर्व वजन त्याच्या नावावर लागते. त्यातला पाऊण भाग मित्रांचा होता, याने त्याचे वजन कमी होत नाही. मित्रांसाठी धावून जाणारा मुलगाच बहुधा सर्वांत जास्त अडकतो, तो याच कारणाने.

ज्याची खोली, त्याला २५ वे कलम लागू शकते. आपली जागा किंवा वाहन अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्याला त्या गुन्ह्याचीच शिक्षा होते. ज्यांनी वर्गणी दिली किंवा बेत आखला, त्यांना २९ वे कलम लागू शकते. गुन्ह्याला चिथावणी देणारा किंवा कटात सामील होणारा मूळ गुन्ह्याच्याच शिक्षेला पात्र ठरतो. ज्यांनी ओढले, त्यांना सेवनाचे २७ वे कलम आहेच.

याहून कडक असे ‘२७-अ’ हे कलम आहे. अंमली पदार्थांच्या अवैध व्यापाराला पैसा पुरवणे किंवा गुन्हेगाराला आसरा देणे यासाठी त्यात दहा ते वीस वर्षांची शिक्षा आहे. मग मित्राच्या पुडीचे पैसे दिले, तर हे कलम लागते का? वर सांगितलेल्या २०२० च्याच प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, की दुसऱ्याच्या सेवनासाठी पैसे देणे म्हणजे अवैध व्यापाराला ‘पैसा पुरवणे’ नव्हे. हा मोठा दिलासा आहे. मात्र बाकीची कलमे त्यामुळे पुसली जात नाहीत.

“माझ्या खिशात काहीच नव्हते,” असे सांगून सुटता येते का? नेहमीच नाही. २००३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हिमाचल प्रदेशातले एक प्रकरण आले होते. एका वाहनातून पाच जण चालले होते आणि वाहनातल्या पिशवीत चरस सापडला. ते सर्व एकमेकांच्या ओळखीचे होते. चरस पाचही जणांच्या जाणीवपूर्वक ताब्यात होता, असे न्यायालयाने मानले. इतर गुन्ह्यांत आरोप सिद्ध करण्याचे ओझे सरकार पक्षावर असते. या कायद्यात माल ताब्यात होता हे एकदा सिद्ध झाले, की “मला माहीत नव्हते” हे दाखवण्याचे ओझे आरोपीवर येते. याचा अर्थ शेजारी बसलेला प्रत्येक जण दोषी असा नाही. पण समोर काय चालले आहे हे दिसत असताना तिथे बसून राहणे शहाणपणाचे नाही.

भांगेबद्दल नेहमी विचारले जाते. एन.डी.पी.एस. कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणून पानांची भांग त्या कायद्याबाहेर राहते. पण महाराष्ट्रात दारूबंदीच्या १९४९ च्या कायद्याचे निर्बंध भांगेवर आहेत. होळीच्या थंडाईत भांग घालून गल्लीत वाटणे म्हणजे पूर्ण मोकळीक आहे, असे समजू नये.

मूल असेल तर ‘देणे’ हाच गुन्हा

वर म्हटले की कायद्यात फुकट देण्याला वेगळे नाव नाही. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या ७७ व्या कलमात ‘देणे’ हाच शब्द वापरला आहे. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय १८ वर्षांखालील मुलाला दारू, अंमली पदार्थ, मनोव्यापारांवर परिणाम करणारे औषध किंवा तंबाखूचा पदार्थ जो देतो किंवा द्यायला लावतो, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. वजनाची अट नाही, पैशाचीही नाही. मुलाकडून दारू, अंमली पदार्थ किंवा मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधांची ने-आण किंवा विक्री करून घेणाऱ्याला ७८ व्या कलमात तेवढीच शिक्षा आहे.

हे कलम घरोघरी वाचून दाखवावे असे मला वाटते. लग्नाच्या वरातीत सोळा वर्षांच्या भाच्याच्या हातात कौतुकाने बिअरचा ग्लास देणारे मामा आपल्याकडे कमी नाहीत. तंबाखूची पुडी आणायला नातवाला पिटाळणारे आजोबाही आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री “जरा शांत झोप लागेल” म्हणून मुलीला स्वतःची झोपेची गोळी देणारी आई तर माझ्याकडे अनेकदा येते. तिचा हेतू मायेचाच असतो. पण हे कलम हेतूत माया होती का, असे विचारत नाही.

शरीराचाही हाच नियम

कायदा बाजूला ठेवला, तरी औषध दुसऱ्याला देऊ नये याची कारणे शरीरातच आहेत. आपल्याला सोसलेली मात्रा दुसऱ्याला सोसेलच असे नाही.

जो माणूस वर्षभर अल्प्राझोलाम घेतो, त्याच्या मेंदूला त्याची सवय झालेली असते. तीच गोळी पहिल्यांदाच घेणाऱ्या सत्तर वर्षांच्या आजींना दिली, तर रात्री लघवीला उठताना त्यांचा तोल जातो आणि मांडीचे हाड मोडते. डायझेपामचा अंमल तर वृद्धांच्या शरीरात काही दिवस रेंगाळतो. ज्याने संध्याकाळी दारू घेतली आहे, त्याला झोपेची गोळी देणे सर्वांत घातक आहे. दारू आणि गोळी मिळून श्वासाचे केंद्र मंद करतात आणि झोपेतच श्वास थांबू शकतो. घोरताना ज्यांचा श्वास मध्येच अडकतो, त्यांनाही हाच धोका आहे.

ट्रॅमाडॉल कंबरदुखीवर चांगले लागू पडले म्हणून शेजाऱ्याला दिले आणि शेजाऱ्याला फिट्सचा विकार असला, तर त्याला फिट येऊ शकते. तो नैराश्यावरची काही औषधे घेत असेल, तरी या दोन औषधांचा एकमेकांशी संयोग धोक्याचा ठरतो. कोडीनचे खोकल्याचे औषध बारा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. काही मुलांच्या शरीरात कोडीनचे मॉर्फिनमध्ये फार वेगाने रूपांतर होते आणि श्वास मंदावतो.

शिवाय देणाऱ्याचेही नुकसान होते. त्याच्या गोळ्या महिना संपायच्या आधीच संपतात. अशी औषधे एकदम बंद झाली, तर हातपाय थरथरणे, घाम फुटणे, जीव घाबरा होणे आणि क्वचित फिट येणे असे त्रास होतात. टोचून घेणाऱ्यांत एकच सुई फिरली, तर एच.आय.व्ही. आणि काविळीचे ‘बी’ व ‘सी’ विषाणू तिच्याबरोबर फिरतात.

हा प्रश्न किती मोठा आहे? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’कडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटात सुमारे १ कोटी १८ लाख लोक वैद्यकीय सल्ल्याशिवाय झोपेची किंवा गुंगीची औषधे घेत होते. एवढ्या सगळ्या गोळ्या काही अड्ड्यांवरूनच येत असतील असे नाही. आपल्या डब्यांतून निघालेल्या गोळ्याही त्यांत असणार.

कोणी बेशुद्ध पडले तर?

ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. अनेकदा मित्र वाचला असता, पण पोलिसांच्या भीतीने बाकीचे त्याला तसाच सोडून पळतात, किंवा “सकाळी उतरेल” म्हणून पांघरूण घालून ठेवतात. हाक मारून, चिमटा काढून जाग येत नाही, श्वास फार सावकाश किंवा अडखळत चालला आहे, ओठ-नखे निळसर झाली आहेत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या आहेत, यांतले काहीही दिसले तर एक मिनिटही दवडू नका. १०८ ला फोन करा. त्याला कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. लिंबू, ताक, मिठाचे पाणी, काहीही पाजू नका. त्याने काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा आणि पट्टी किंवा बाटली सोबत न्या. अफूवर्गातल्या औषधांवर नॅलोक्सोन हा उतारा आहे, पण काय घेतले हे कळले तरच तो वेळेत देता येतो.

विषबाधेची नोंद रुग्णालयाला पोलिसांकडे करावी लागते, हे खरे आहे आणि मी ते लपवणार नाही. पण जिवंत मित्राबद्दल जबाब देणे केव्हाही परवडते. त्याला सोडून पळालेल्यांचे प्रश्न मात्र पुष्कळ वाढतात.

कायद्याने ठेवलेला दरवाजा

एवढे वाचून कोणाला वाटेल की या कायद्यात नुसत्या शिक्षाच आहेत. तसे नाही. ६४-अ हे कलम व्यसनी माणसासाठी आहे. ज्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप आहे, असा व्यसनी जर स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले, तर ही सवलत काढून घेता येते. दोषी ठरल्यानंतरही न्यायालय ३९ व्या कलमाखाली व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी उपचारासाठी पाठवू शकते. ही कलमे फारशी वापरली जात नाहीत, कारण ती घरच्यांना माहीतच नसतात.

महाराष्ट्राला या कामाची परंपरा आहे. गर्दने मुंबई-पुण्यात थैमान घातले, तेव्हा १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी मदत केली. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतो, ही गोष्ट तिथून मराठी घरांत पोचली. आज व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते.

एवढे पाळा

१. लाल खुणेची औषधे वेगळ्या डब्यात, शक्यतो कुलपात ठेवा. गोळ्या अधूनमधून मोजा. घरात वयात येणारी मुले असतील, तर नक्कीच.

२. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाजवळच ठेवा. प्रवासात औषध मूळ पट्टीतच न्या, सुट्ट्या गोळ्या पुडीत बांधू नका.

३. कोणी गोळी मागितली तर “नाही” एवढेच म्हणून दार लावू नका. “उद्या सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चला,” असे म्हणा. दोन रात्री झोप नसण्यामागे थायरॉईड, ब्लडप्रेशर, नैराश्य किंवा घरातले भांडणही असू शकते. गोळी दिली की ते सारे झाकले जाते.

४. परदेशी जाणाऱ्याने दुसऱ्याचे पुडके सामानात घेऊ नये, ते देणारा नातेवाईक असला तरी. २०१९ साली कतारच्या दोहा विमानतळावर मुंबईच्या एका नवविवाहित जोडप्याच्या सामानात चरस सापडला. ते पुडके नात्यातल्याच व्यक्तीने दिले होते. त्यांना तिथे दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्या तपास यंत्रणांनी खरी हकीकत पुढे आणल्यावर २०२१ साली त्यांची सुटका झाली. आखाती देशांत ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारखी औषधे स्वतःसाठी नेतानाही तिथले नियम आधी पाहावेत. संयुक्त अरब अमिरातीत त्यासाठी आगाऊ परवानगी लागते.

५. उरलेली औषधे साठवू नका. घरातला कॅन्सरचा पेशंट गेल्यावर मॉर्फिनच्या गोळ्या मागे राहतात. “दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतील,” असे मनात येणे साहजिक आहे. पण त्या ज्या रुग्णालयातून मिळाल्या, तिथे परत द्याव्यात. ते शक्य नसेल, तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ साली दिलेली सूचना पाळावी. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, डायझेपाम धरून १७ औषधे कचऱ्यात न टाकता शौचालयात टाकून पाणी सोडावे, असे त्यात सांगितले आहे. ती दुसऱ्या कोणाच्या, विशेषतः लहान मुलांच्या हाती लागू नयेत, हा त्यामागचा हेतू आहे.

६. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना रागे न भरता हा लेख वाचायला द्या. “तू करतोस का?” असे विचारण्याऐवजी “मित्राने तुझ्या बॅगेत काही ठेवायला दिले तर काय करशील?” असे विचारा. उत्तरावरून पुष्कळ कळेल.

साखर, दही, कढीपत्ता खुशाल द्यावा. पण डॉक्टरांनी आपल्या नावाने लिहिलेली गोळी आपल्यापुरतीच ठेवावी. ज्याला ती हवी आहे, त्याला दवाखान्याची वाट दाखवावी आणि शक्य असेल तर सोबत जावे.